आहुखान्याची रिकामी कबर

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यासमोर, तापीच्या पैलतीरी जैनाबाद येथे आहुखाना आहे. फारसीत 'आहू' म्हणजे हरीण. मोगल अमदानीत हे मृगोद्यान होते. शाहजहानची बेगम मुमताज महल हिचे १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात बुऱ्हाणपुरी निधन झाले, तेव्हा तिचे दफन याच बागेत झाले. त्याच वर्षी डिसेंबरात शहजादा शुजा तिचे पार्थिव घेऊन आग्र्यास निघाला. बागेतील कबर अवघी सहा महिने होती. पण बागेची ओळख तीच होऊन बसली.

याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र बेगम ज्या वर्षी वारली, त्या वर्षाचाही विसर पडू नये, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे. खानजहान लोदीचे बंड आणि दख्खनची मोहीम यांसाठी शाहजहान १६३० मध्ये बुऱ्हाणपुरी येऊन राहिला. त्याच वर्षी पर्जन्याने दगा दिला आणि गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० च्या अखेरीस बुऱ्हाणपूरमार्गे गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. देहूस तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली ती याच दुष्काळात, असे परंपरा मानते.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'पादशाहनाम्या'त दुष्काळाची भयानकता लपविलेली नाही. त्याने मदतीचा हिशेबही दिला आहे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले गेले; बुऱ्हाणपुरी दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले. आमची हयात सरकारी दप्तरांत गेली, त्यामुळे अशा नोंदींचे मोल आम्ही जाणतो आणि त्यांची मर्यादाही. वाटलेली रक्कम पै-पैने लिहिली जाते. जे लंगरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पडले, त्यांची नावे कोणत्याही वहीत चढत नाहीत.

बुऱ्हाणपूर हे थडग्यांनी समृद्ध नगर आहे. फारुकी सुलतान, शाहनवाज खान यांचे मकबरे आणि १६६७ मध्ये येथेच निधन पावलेल्या मिर्झाराजे जयसिंगांची छत्री येथे आहे. दुष्काळात मेलेल्या सामान्यांसाठी मात्र एक दगडही नाही. बेगमेसाठी पुढे आग्र्यास ताजमहाल उभा राहिला. तिची स्मृती आहुखान्यावर अवलंबून नाही.

म्हणून आमच्या मते आहुखान्याची ती रिकामी जागा या अनामिकांचीही मानावी. नवे बांधकाम करण्याची गरज नाही. पाहुण्यांना तेथे नेणाऱ्या प्रत्येक बुऱ्हाणपूरकराने बेगमेची कथा सांगून झाल्यावर त्या दुष्काळाचीही हकीकत सांगावी, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.