घरगुती आरोग्यचाचणीची किंमत आणि ज्येष्ठ नागरिक : कोविडोत्तर काळाचा एक ऐतिहासिक विचार
(संदर्भ : देवगाव फाटा, जि. परभणी)

प्रस्तावना

साथ आणि कायदा यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी, 1897 मध्ये, साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. मार्च 2020 मध्ये कोविड-19 च्या मुकाबल्यासाठी राज्य शासनाने याच जुन्या अधिनियमाचा आधार घेतला. प्लेगच्या काळात शासनाचा हात घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला तो सक्तीच्या तपासणीसाठी; कोविडच्या काळात तो चाचणीच्या दरापर्यंत पोहोचला. या दुसऱ्या हस्तक्षेपाचा आणि साथ ओसरल्यावर त्यातून वृद्धांच्या वाट्याला काय उरले याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मंठा–जिंतूर रस्त्यावरील, जेथे सेलूची वाट फुटते त्या देवगाव फाट्यासारखे ठिकाण नजरेसमोर ठेवले आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या वृद्धासाठी प्रयोगशाळा म्हणजे सेलू, जिंतूर किंवा परभणी. म्हणून चाचणीचा दर आणि तेथवर जाण्याचा खर्च यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

दरांचा उतार आणि घराचा अधिभार

मार्च 2020 मध्ये खाजगी प्रयोगशाळांतील आरटी-पीसीआर चाचणीसाठी 4500 रुपयांची कमाल मर्यादा केंद्रीय पातळीवर ठरविण्यात आली. त्याच महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या देशी संचास मान्यता मिळाली व त्याची किंमत प्रतिचाचणी सुमारे 1200 रुपये सांगण्यात आली. जून 2020 मध्ये राज्य शासनाने रुग्णालयातून घेतलेल्या नमुन्यासाठी 2200 आणि घरून घेतलेल्या नमुन्यासाठी 2800 रुपये हा दर निश्चित केला. पुढे दर टप्प्याटप्प्याने उतरत गेले. 31 मार्च 2021 च्या सुमारास संकलन केंद्रावर 500 आणि घरी 800 रुपये, तर डिसेंबर 2021 मध्ये अनुक्रमे 350 आणि 700 रुपये असे दर झाले.

या आकड्यांकडे सामान्यतः दरकपातीचे यश म्हणून पाहिले जाते, आणि ते यश आहेच. तथापि हेच आकडे आडवे वाचले तर वेगळे चित्र दिसते. जून 2020 मध्ये घरच्या नमुन्याचा दर रुग्णालयातील दराच्या सव्वापटीहून थोडा अधिक होता; मार्च 2021 मध्ये तो केंद्रावरील दराच्या 1.6 पट आणि डिसेंबर 2021 मध्ये नेमका दुप्पट झाला. रसायने स्वस्त होत गेली. माणसाचा प्रवास, वेळ आणि संरक्षक पोशाख त्या प्रमाणात स्वस्त झाले नाहीत. यात कोणाचा लोभ शोधण्याचे कारण नाही. परंतु ज्याला घराबाहेर पडणे सर्वांत अवघड आणि धोक्याचे, त्या वृद्धालाच दरपत्रकातील सर्वांत वरचा आकडा लागू होत होता, ही बाब नजरेआड करता येत नाही.

या पार्श्वभूमीवर मे 2021 मधील घटना महत्त्वाची ठरते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घरच्या घरी करावयाच्या प्रतिजन चाचणीस अनुमती दिली आणि मायलॅबचा 'कोविसेल्फ' संच 250 रुपयांत बाजारात आला. येथे प्रथमच घरी होणारी चाचणी केंद्रावरील आरटी-पीसीआरपेक्षा स्वस्त झाली. अर्थात स्वस्त कोणासाठी, हा प्रश्न राहतोच. श्रावणबाळ योजनेचे मासिक निवृत्तिवेतन त्या वेळी 1000 रुपये होते. एक संच म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. शिवाय निकालाची नोंद मोबाइल ॲपवर छायाचित्रासह करणे अपेक्षित होते. लक्षणे असूनही निकाल नकारात्मक आला तर पुन्हा आरटी-पीसीआर करावी, असाही निर्देश होता. म्हणजे फाट्यावरच्या आजोबांना नातवाचा स्मार्टफोन हवा आणि प्रसंगी सेलूची वाटही हवीच.

साथ ओसरल्यानंतर

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. वृद्धांच्या घरातील चाचणी मात्र संपलेली नव्हती. तिचा विषय बदलला होता. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. ग्लुकोमीटर एकदा घेतला की झाले, असे अनेकांना वाटते. खरा खर्च स्ट्रिपचा असतो. एका कंपनीची स्ट्रिप सहसा दुसरीच्या यंत्रात चालत नाही, आणि डबी उघडल्यावर ती कंपनीनुसार साधारण तीन ते सहा महिन्यांत संपवावी लागते. आठवड्यातून एकदा साखर पाहणारी आजी तीन महिन्यांत तेरा स्ट्रिप वापरते. पन्नासच्या डबीतील उरलेल्या सदतीस वाया जाण्याची शक्यता राहते. स्ट्रिपला दमटपणा सोसत नसल्याने उघड्या डबीतून सुट्या विकणेही योग्य नव्हे. कमी चाचण्या करणाऱ्याला प्रत्येक चाचणी अधिक महाग पडावी, असे हे गणित आहे.

शासनाने प्रयत्न केले नाहीत असे नाही. जुलै 2021 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, पल्स ऑक्सिमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच साधनांवरील व्यापारी नफ्यास 70 टक्क्यांची मर्यादा घातली. तत्पूर्वी हा नफा 709 टक्क्यांपर्यंत जात असल्याचे आढळले होते. तो आदेश मुदतीचा होता आणि त्या पाच नावांत स्ट्रिपचे नाव नव्हते. 2024 मध्ये राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. 65 वर्षांवरील, दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीस साधनांसाठी एकवेळ 3000 रुपये मिळतात. तेथे नावाने उल्लेखलेल्या साधनांत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा आहे, ग्लुकोमीटर नाही. वार्धक्य म्हणजे अवयवांची झीज, हीच या यादीमागील कल्पना दिसते. सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर व स्ट्रिप यांवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्के झाला. ही सवलत मुदतबंद नाही, हे तिचे वेगळेपण. पण 500 रुपयांच्या डबीमागे तिच्यातून जेमतेम तीस रुपये वाचतात.

तुलनेने अंतराचा प्रश्न अधिक ठामपणे हाताळला गेला. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. 65 ते 75 वयोगटास निम्मे भाडे पडते. म्हणजे देवगाव फाट्यावरील ऐंशी वर्षांची व्यक्ती साखर तपासण्यासाठी सेलूला विनामूल्य जाऊ शकते. तीच तपासणी घरी करावयाची तर स्ट्रिपचे पैसे तिलाच मोजावे लागतात. निवृत्तिवेतन 2023 मध्ये 1500 रुपये झाले असले तरी त्यातूनच औषधेही घ्यावयाची असतात. दहा-दहा स्ट्रिपची लहान डबी आणि वयोश्रीच्या यादीत ग्लुकोमीटरसोबत वर्षभराच्या स्ट्रिप, एवढी भर घालण्यासाठी साथरोग अधिनियमाची गरज नाही. शासन निर्णयातील एका ओळीने आणि उत्पादकांच्या सहकार्याने ते होण्यासारखे आहे.