स्थानखूण (डिजिटल नकाशावरील)

अक्षांश व रेखांश या आकड्यांच्या जोडीवरून डिजिटल नकाशावर बसवलेली खूण. बोलण्यात ‘पिन’ किंवा ‘लोकेशन’. जळगाव शहर साधारण २१.०१ उत्तर अक्षांश व ७५.५६ पूर्व रेखांशावर येते, धुळे २०.९० व ७४.७७ वर. गावाचे नाव असताना आकडे कशाला, हा आक्षेप खानदेशात टिकत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. दोन्ही जळगावांचे अक्षांश जवळजवळ सारखे, रेखांशात मात्र जवळपास एका अंशाचा, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा फरक. खुर्द-बुद्रुकच्या जोड्या तर विचारूच नयेत. नाव अनेक गावांचे असते, आकड्यांची जोडी एकाच जागेची. पण ती कोणत्या संकेताने लिहिली हे ठाऊक असेल तरच. खूण चुकते ती बहुधा आकड्यामुळे नव्हे, या संकेतामुळे.

पहिला संकेत क्रमाचा. बोलताना अक्षांश आधी येतो. पण जिओजेसन या प्रचलित मांडणीत, २०१६ च्या प्रमाणकानुसार, रेखांश आधी लिहितात, आलेखात आडवे अंतर आधी मांडावे तसे. क्रम उलटला की जळगाव नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडते. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, कारण अक्षांश ९० पर्यंत चालतो आणि ७५.५६ त्यात बसतो. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे असल्याने तिथे हीच चूक अक्षांशाच्या मर्यादेबाहेर जाते आणि साध्या तपासणीतही सापडते. महाराष्ट्रात कुठेही ती अशी सापडणार नाही. तरी समुद्रातली खूण डोळ्यांना दिसते. त्याहून फसवी चूक अंश-मिनिटांची. धुळ्याचा अक्षांश २० अंश ५४ मिनिटे, म्हणजे दशांशात २०.९०. तो २०.५४ असा लिहिला तर खूण चाळीस किलोमीटर दक्षिणेला, मालेगावच्या अक्षांशावर बसते. तिथेही जमीनच आहे, जिल्हा तेवढा बदललेला असतो, म्हणून शंका येत नाही. आणखी एक संकेत विवृत्ताभाचा, म्हणजे पृथ्वीच्या मानलेल्या गणिती आकाराचा: भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट विवृत्ताभावर बेतलेले, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. रूपांतर न करता जुने आकडे घेतले तर शेताच्या पातळीवर खूण बांध ओलांडते.

आता मोबाइल आपोआप आकडे भरतो, मग चूक कशी होईल, असे विचारले जाते. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतातूनच पिकाचे छायाचित्र घेऊन स्थान नोंदवतात. त्यामुळे क्रमाची आणि मिनिटांची चूक टळते, हे खरे. पण मोबाइल सांगतो ती मोबाइलची जागा, जमिनीच्या गटाची नव्हे. बांधावर उभे राहून घेतलेले स्थान काही मीटरच्या चुकीने शेजारच्या गटात जाऊ शकते. दशांशानंतरचे आकडे वाढवून हा दोष जात नाही: पाचवा आकडा सुमारे एक मीटर दाखवतो, पण उपकरणाची चूक त्याहून मोठी असेल तर तो निव्वळ शोभेचा. दोन दशांश आकड्यांत एका किलोमीटरच्या आसपास अंतर मावते. वर दिलेली जळगावची जोडी शहर दाखवायला पुरेशी आहे. तिच्यावरून कुणी विहीर शोधायला निघू नये.