खुपरीची गोष्ट

सकाळच्या वेळी आई काजळाच्या डबीत बोट घालते. एका पोराचे डोळे भरून झाले, की त्याच बोटाने दुसऱ्याचे भरते. हेतू मायेचाच. पण पहिल्याचे डोळे आलेले असले, तर त्या बोटावरून रोगही दुसऱ्याकडे जातो. वाचकहो, अशाच वाटेने घराघरांत शिरलेल्या खुपरीची ही हकिगत.

खुपरी फार जुनी. इजिप्तमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय लेखांतही अशा विकाराचा उल्लेख सापडतो. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला. तेथे फ्रेंचांचे आणि मागाहून इंग्रजांचेही सैनिक डोळ्यांनी हैराण झाले. पलटणी मायदेशी परतल्या, तसा रोग बराकींच्या दाटीवाटीत फैलावला. १८०५ साली लंडनमध्ये डोळ्यांसाठी खास दवाखाना निघाला, त्याचे एक कारण हीच साथ.

या रोगात माणूस एका दिवसात आंधळा होत नाही. लहानपणी जंतूंची लागण पुन्हा पुन्हा होते, पापणीच्या आत वण पडतात, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. अखेर बुबुळ पांढरे पडते. पोरे सांभाळणाऱ्या बायांना हा भोग अधिक.

जंतूची पहिली खूण १९०७ साली जावा बेटावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. गुणकारी औषधे त्याहून उशिरा आली. पण गंमत पाहा, पश्चिम युरोपातून खुपरी बरीचशी ओसरली ती औषधांच्या आधीच! घरातली दाटी कमी झाली, पाणी जवळ आले, संडास बांधले गेले. डोळ्यांवर बसणारी एक माशी उघड्यावरच्या माणसाच्या विष्ठेत वाढते. संडासाच्या खड्ड्यात मात्र ती वाढत नाही. म्हणजे संडास बांधणे हीदेखील डोळ्यांची राखणच नव्हे काय?

आपल्या देशात १९६३ साली खुपरीविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जाहीर केले. साठ वर्षांचे हे काम!

म्हणून काय निर्धास्त व्हायचे? साधे डोळे येतात तेही याच बोटांवरून, याच पंचावरून. गुरुजी, प्रार्थनेच्या वेळी पोरांच्या तोंडांकडे एकवार पाहा. आणि मायबहिणींनो, चिपडे धुवायला तांब्याभर पाणी पुरते. पंचा मात्र ज्याचा त्याला वेगळा हवा.