इ. स. २०२२ ची राज्यसभेची निवडणूक आणि चिंचवडचें मत

चिंचवड म्हटलें म्हणजे आमच्या वाचकांस श्रीमोरया गोसावी यांचें समाधिस्थान व देव संस्थानच्या सनदा आठवतात. चाकण म्हटलें म्हणजे इ. स. १६६० त शाएस्तेखानापुढें संग्रामदुर्ग लढविणारा फिरंगोजी नरसाळा. हल्लीं या मुलखांत कारखान्यांची दाट वस्ती आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि खेड-आळंदी (चाकण यांतच मोडतें) या चार मतदारसंघांच्या सभासदांनीं ता. १० जून २०२२ रोजीं राज्यसभेच्या निवडणुकींत मतें दिलीं. चिंचवडचे लक्ष्मण जगताप व भोसरीचे महेश लांडगे हे भारतीय जनता पक्षाचे. पिंपरीचे अण्णा बनसोडे व खेडचे दिलीप मोहिते हे राष्ट्रवादी काँग्रेसचे. म्हणजे या मुलखापुरतीं पारडीं समसमान होतीं.

पैकीं जगताप दीर्घकाळ आजारी होते. ते रुग्णवाहिकेंतून मुंबईस विधानभवनांत गेले. पुण्याच्या कसबा पेठेच्या सभासद मुक्ता टिळक याही तशाच आजारी स्थितींत गेल्या. विजयानंतर देवेंद्र फडणवीस यांनीं तो विजय या दोघांस अर्पण केला. अशा उद्गारांतूनच पुढें आख्यायिका जन्म घेतात. म्हणून या दोन मतांचें वजन खरोखर किती होतें, हें आंकड्यांवरून तपासणें आम्हांस अवश्य वाटतें.

राज्यघटनेच्या ८० व्या कलमाप्रमाणें राज्यसभेचे प्रतिनिधि विधानसभेचे निर्वाचित सभासद पसंतीक्रमाच्या मतांनीं निवडतात. जागा सहा, उमेदवार सात. सभासद २८८, त्यांपैकीं रमेश लटके निवर्तले होते. नवाब मलिक व अनिल देशमुख कोठडींत असून न्यायालयानें त्यांस मतदानाची परवानगी दिली नाहीं. मतें पडलीं २८५. नांदगांवचे सुहास कांदे यांचें मत निवडणूक आयोगानें रद्द ठरविलें. उरलीं २८४.

पहिल्या पसंतीचीं मतें अशीं: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७. बेरजेचा ताळा २८४ असा बरोबर जुळतो. सहाव्या जागेसाठीं झगडा पवार व महाडिक यांचा, दोघेही कोल्हापूरचे. पहिल्या पसंतींत मागें असलेले महाडिक दुसऱ्या पसंतीच्या बळावर निवडून आले.

आतां गणित पाहूं. प्रत्येक मताचें मूल्य १०० धरितात. एकूण मूल्यास जागांहून एक अधिक, म्हणजे सातानें भागून, अपूर्णांक सोडून, एक मिळविला म्हणजे विजयास लागणारा कोटा येतो. येथें तो ४,०५८ होता. भाजपच्या तिघांस मिळून १२३ मतें, मूल्य १२,३००. तीन कोट्यांस लागतात १२,१७४. शिल्लक १२६. प्रतिपक्षाच्या चौघांस १६१ मतें, मूल्य १६,१००. चार कोट्यांस लागतात १६,२३२. तूट १३२.

आजारी असलेले दोघे आले नसते तर? मतें २८२, कोटा ४,०२९. पसंतीक्रम आपापल्या बाजूंतच राहिले असें धरिल्यास भाजपची शिल्लक केवळ १३ उरते व प्रतिपक्षाची तूट १६ होते. एका मताचें मूल्य १०० असतां हें अंतर नगण्यच. तरीही जागा प्रतिपक्षाकडे जात नाहीं.

परंतु गणित येथेंच थांबवितां येत नाहीं. न मोजलेलीं तीनही मतें प्रतिपक्षास मिळतीं तर एकूण २८७, कोटा ४,१०१; भाजपास ३ कमी पडते, प्रतिपक्षास ४. अशा वेळीं निकाल सोडलेल्या अपूर्णांकांवर ठरता. आणि त्या स्थितींत जगताप किंवा टिळक यांपैकीं एकही गैरहजर असतें, तर कोटा ४,०८६ होऊन प्रतिपक्षाकडे ५६ शिल्लक राहती व सहावी जागा त्याची होती.

यावरून आमचा निर्णय असा कीं, चिंचवडच्या मतानें एकट्यानें जागा जिंकिली हें म्हणणें आंकड्यांस धरून नाहीं. आणि तें मत निरर्थक होतें हें म्हणणेंही नाहीं. प्रवास करून जातांना जगतापांस रद्द होणारें मत ठाऊक नव्हतें. त्या सकाळीं त्यांच्या मताची किंमत एका जागेइतकी असणें शक्य होतें. निकालाचें कारण मात्र आलेल्या दोघांइतकेंच न मोजलेल्या तिघांकडेही आहे. आख्यायिका आलेल्यांचीच आठवण ठेविते.

पुढील घटना त्वरेनें घडल्या. ता. २० जून रोजीं विधानपरिषदेच्या निवडणुकीस हे दोघे पुन्हां गेले, ता. २९ जून रोजीं उद्धव ठाकरे यांनीं मुख्यमंत्रिपद सोडलें. टिळक ता. २२ डिसेंबर २०२२ रोजीं व जगताप ता. ३ जानेवारी २०२३ रोजीं निवर्तले. त्यांच्या प्रवासाच्या हकीकती लोकांच्या तोंडीं राहतील. संग्राहकांनीं त्यांजबरोबर मतमोजणीचें कोष्टकही जपून ठेवावें, अशी आमची विनंती आहे.