भिल्लम, दुसरा
भिल्लम, दुसरा : (कार. सु. ९८५–१००५). सेऊणदेशाच्या यादव घराण्यातील एक आरंभीचा सत्ताधीश. देवगिरीची स्थापना करणारा पाचवा भिल्लम सर्वपरिचित आहे, त्याच्या सु. दोनशे वर्षे आधी होऊन गेलेला हा पूर्वज मात्र मुख्यत्वे शके ९२२ (इ. स. १०००) मधील संगमनेर ताम्रपटामुळेच ज्ञात आहे. प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरील संगमनेर (अहिल्यानगर–पूर्वीचा अहमदनगर–जिल्हा) येथे त्याने शिवमंदिर बांधले आणि स्वतःच्या ‘विजयाभरण’ या बिरुदावरून त्यास विजयाभरणेश्वर हे नाव दिले.

हे घराणे प्रथम राष्ट्रकूटांचे मांडलिक होते व राष्ट्रकूट कुळाशी त्याचे विवाहसंबंधही होते. ९७३ मध्ये चालुक्य दुसरा तैलप याने राष्ट्रकूट सत्ता संपुष्टात आणल्यावर यादवांनी नव्या सम्राटाचे स्वामित्व पतकरले. लहान घराण्यास दुसरा मार्ग नव्हता. या निष्ठेची कसोटी माळव्याच्या परमार मुंजाशी झालेल्या युद्धात लागली. मुंज गोदावरी ओलांडून दक्षिणेत उतरला, पराभूत होऊन कैद झाला व पुढे मारला गेला. अमितगतीचा ९९३-९४ मधील ग्रंथ मुंजाच्या कारकीर्दीत रचला गेला व तैलप ९९७ मध्ये वारला. तेव्हा ही घटना या दोन वर्षांच्या दरम्यान घडली असली पाहिजे.

मेरुतुंगाने प्रबंधचिंतामणीत मुंजाच्या अंताची कथा रंगवून सांगितली आहे. पण ती सु. तीनशे वर्षांनंतरची. संगमनेर ताम्रपट घटनेनंतर अवघ्या काही वर्षांतला असल्यामुळे त्यातील उल्लेखास अधिक मोल आहे. मुंजाचा पक्ष घेणाऱ्या राजलक्ष्मीस भिल्लमाने रणांगणावर शासन केले आणि तिला रणरंगभीमाच्या, म्हणजे तैलपाच्या, घरची आज्ञाधारक गृहिणी बनविले, असा त्याचा आशय आहे. प्रशस्तिकारांची अतिशयोक्ती गृहीत धरूनही, येथे लक्ष्मी भिल्लमाच्या घरी येत नाही, ती स्वामीच्या घरी जाते, हे लक्षणीय होय. ताम्रपट कोरला गेला तेव्हा तैलप हयात नव्हता. म्हणून ही केवळ धन्याची खुशामत म्हणता येत नाही. पराक्रम आपला, फळ सम्राटाचे, ही मांडलिकाची मर्यादा पाळूनच त्याने आपल्या कुळाचा मान वाढविला. युद्धभूमी गोदावरीच्या परिसरात होती आणि सिन्नर-संगमनेरचा मुलूख तिच्या वरच्या खोऱ्यात येतो, हे ध्यानात घेता युद्धातील त्याचा सहभाग संभवनीय वाटतो.

भिल्लमानंतर त्याचा पुत्र वेसुगी सत्तेवर आला. याच घराण्यातील तिसऱ्या भिल्लमाचा १०२५ चा ताम्रपट प्रवरेच्याच खोऱ्यातील कळस बुद्रुक (ता. अकोले) येथील आहे. त्याचा विवाह चालुक्य राजकन्येशी झाला होता.