कच्च्या लिंबाचा खेळ

स्नूकर हे नाव मुळात हिणवण्यासाठी वापरले जाई. वुलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत पहिल्या वर्षाच्या नवख्या छात्राला ‘स्नूकर’ म्हणत. आपल्याकडे पोरे ‘कच्चा लिंबू’ म्हणतात, त्याच चालीवर. १८७५च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत, डेव्हनशायर रेजिमेंटच्या मेसमध्ये, एका अधिकाऱ्याचा फटका हुकला आणि लेफ्टनंट नेव्हिल चेंबरलेनने (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे) त्याला हा शब्द सुनावला. मग त्याची समजूत घालायला म्हणाला, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. ती कबुली नुसती सारवासारव नव्हती. खेळाडू कच्चे होते, कारण खेळच कच्चा होता. टेबलावर होते ते सारे उसने: ‘पिरॅमिड’चे पंधरा लाल चेंडू, ‘ब्लॅक पूल’चा काळा आणि पैज रंगावी म्हणून मिसळलेले आणखी काही रंगीत चेंडू. निळा आणि तपकिरी चेंडू मागाहून आले, असे सांगतात. आज ज्याला आपण स्नूकर म्हणतो, तो जबलपुरात जन्मला हे खरे. पण तिथे तो पुरा झाला नाही.

हल्ली व्हिडिओ गेमबद्दल जी तक्रार ऐकू येते, ती या इतिहासापुढे ठेवून पाहावी. २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ बाजारात आला तेव्हा सांगितलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. डिसेंबर २०२०मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ इतका अडखळत होता, की सोनीने काही महिने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. दोन्ही खेळ पुढच्या अपडेटांनी सुधारले, नावाजलेही गेले. तरी अर्धवट खेळ लोकांपुढे ठेवायचा आणि मग दुरुस्त करत बसायचे, ही आजच्या काळाची खोड आहे, असे अनेकांना वाटते. जबलपूरचा दाखला सांगतो, की ही खोड नवी नाही आणि खेळांच्या बाबतीत ती बहुधा खोडही नाही. खेळ बनवून संपत नाही. तो खेळून खेळून बनतो.

स्नूकरच्या दुरुस्त्यांचा वेग मात्र बदल्यांचा आणि आगगाडीचा होता. १८७०मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरलाच जोडले गेले होते, आणि अधिकारी एका छावणीतून दुसरीत जाताना खेळही सोबत नेत. अशा तोंडी प्रसारात प्रत्येक मेसचे नियम निराळे होणार, हे उघड आहे. चेंबरलेन पुढे मद्रासचे सेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या पदरी गेला आणि उन्हाळ्यात उटीला राहू लागला. तिथल्या क्लबात १८८२ साली नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५मध्ये बिलियर्डचा विजेता जॉन रॉबर्ट्स त्याला कलकत्त्यात भेटला आणि खेळ इंग्लंडला पोचला. तिकडे १९०० साली बिलियर्ड्स असोसिएशनने नियम बांधले, तर १९१९मध्ये दोन प्रतिस्पर्धी संस्था एक झाल्यावर एकच नियमावली अधिकृत ठरली. पहिले जागतिक अजिंक्यपद १९२७चे. ते जो डेव्हिसने जिंकले, आणि बक्षीस होते अवघे साडेसहा पौंड. बिलियर्डवाल्यांच्या लेखी तो तोवर हलकाच खेळ होता. मग १९६९मध्ये बीबीसीने रंगीत दूरचित्रवाणीसाठी ‘पॉट ब्लॅक’ सुरू केला आणि पैजेसाठी घातलेले रंगच त्या खेळाचे भांडवल ठरले. जबलपूरपासून इथवर चौऱ्याण्णव वर्षे लागली.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा. जबलपूरची हकीकत चेंबरलेनने स्वतः सांगितली, तीही साठहून अधिक वर्षे उलटल्यावर, उतारवयात. अशा एकट्या साक्षीवर किती भार टाकावा? थोडाच. पण कोणाचा फटका हुकला आणि कोण काय म्हणाले, यावर इथला युक्तिवाद उभा नाही. खेळ पहिल्याच दिवशी पूर्ण झाला, असे कुठलीच हकीकत सांगत नाही. आणि १९०० ते १९१९ या काळातली नियमांची ओढाताण चेंबरलेनच्या आठवणीवर अवलंबून नाही. दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक बदल म्हणजे सुधारणा नव्हे. हे खरे आहे, आणि त्याचा पुरावाही याच खेळात आहे. १९५९मध्ये खुद्द जो डेव्हिसने नारिंगी आणि जांभळा असे दोन चेंडू वाढवून ‘स्नूकर प्लस’ काढला. एवढ्या मोठ्या नावाचा आधार असूनही तो चालला नाही. पण त्यातून उलट हेच दिसते, की दुरुस्ती कोणाच्याही हातची असो, ती ठेवायची की टाकायची हे खेळणारे ठरवतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जबलपूरच्या अधिकाऱ्यांनी पुऱ्या खेळाचे पैसे मोजले नव्हते. व्हिडिओ गेम घेणारा मोजतो. शिवाय स्नूकरचे नियम खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या संस्थांनी घडवले, तर गेममधली चूक फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते. इथे दोन्ही गोष्टींतले साम्य संपते, आणि दोष नेमका कुठे आहे तेही कळते: तो अपुरेपणात नाही, अपुरे असताना पुरे म्हणून विकण्यात आहे. पोरांच्या खेळात याचा न्याय कधीच ठरलेला आहे. कच्च्या लिंबाला डावात घेतात, त्याच्या चुका पोटात घालतात, त्याच्यावर राज्य देत नाहीत. मोठा होईतो वाट पाहतात. चेंबरलेनने निदान पहिल्याच दिवशी सांगून टाकले, की इथे सगळे कच्चे आहेत. ते न सांगता पक्क्या भिडूचे दाम घेणे, हा रडीचा डाव.