फार्नेसॉल

फार्नेसॉल : कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी आपल्या पेशींची दाटी ओळखण्यासाठी जे रसायन बाहेर टाकते त्याचे नाव. १५ कार्बन अणूंच्या उघड्या साखळीचे हे अल्कोहॉल टर्पीन कुळातले आहे. ते रंगहीन व तेलकट असून त्याला फुलांसारखा मंद वास येतो. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, हा त्याच्या औषधी वापरातला एक अडसर आहे. देवबाभळीच्या (अकॅशिया फार्नेसियाना) फुलांवरून त्याला नाव मिळाले. गुलाब, निशिगंध, गवती चहा आणि कस्तुरी भेंडीचे बी यांच्या सुगंधी तेलांतही ते आढळते. त्यामुळे अत्तरांच्या धंद्याला त्याची जुनी ओळख आहे. बुरशीच्या जीवनातील त्याचे काम मात्र २००१ साली उघड झाले. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात केनेथ निकरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले.

कॅन्डिडा अल्बिकन्स निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व योनिमार्गात सहसा निमूटपणे राहते. तिची दोन मुख्य रूपे आहेत : कळ्या फुटून वाढणाऱ्या गोलसर यीस्ट पेशी आणि ऊतकांत घुसणारे लांब तंतू. प्रयोगशाळेत जुनाच एक अनुभव होता. पोषकद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये दहा लाखांहून कमी पेशी सोडल्या आणि तंतू फुटण्याजोगी परिस्थिती दिली की त्यांना अंकुरनलिका फुटतात. त्याहून दाट पेरल्या तर त्या गोलच राहतात. दाट वाढलेल्या पेशी गाळून काढून उरलेला द्रव विरळ पेशींना दिला, तर त्यांनाही अंकुर फुटत नाहीत. रोखणारा पदार्थ पेशींबरोबर गाळणीत न अडकता द्रवात उतरलेला असतो, हे यावरून कळते. तो पदार्थ फार्नेसॉल निघाला. दाटी ओळखून वागणे बदलण्याच्या या पद्धतीला कोरम सेन्सिंग म्हणतात. जीवाणूंमध्ये ती आधीच माहीत होती; केंद्रकयुक्त पेशींमध्ये अशा रेणूची ओळख पटण्याची ही पहिली वेळ होती.

पेशीत फार्नेसॉल तयार होते ते फार्नेसिल पायरोफॉस्फेटपासून. बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉलही याच संयुगापासून पुढे बनते. याचा एक परिणाम उपचाराच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. फ्लुकोनाझोलसारखी औषधे अर्गोस्टेरॉलची वाट अडवतात. मारक मात्रेपेक्षा कमी औषध दिले तर पेशी नेहमीपेक्षा जास्त फार्नेसॉल सोडू लागतात. बाहेर आलेले फार्नेसॉल पेशीतील रास प्रथिन आणि सायक्लिक एएमपी रेणू यांच्या संदेशमार्गावर लगाम घालते, म्हणून तंतुवाढ सुरूच होत नाही. त्याच्या चार समघटकांपैकी ट्रान्स-ट्रान्स रूपच यात खऱ्या अर्थाने प्रभावी आहे. आधीच फुटलेला तंतू वाढतच राहतो. फार्नेसॉल त्याला थांबवत नाही.

वेळेचे हे बंधन जैवपटलांतही दिसते. दातांची कवळी, शिरेतली नळी, मूत्रनलिका यांवर कॅन्डिडा असा चिवट थर धरते आणि तिथे औषधे फारशी चालत नाहीत. पेशी पृष्ठभागावर चिकटण्याआधी फार्नेसॉल दिले तर थर जमत नाही. चिकटून एक-दोन तास गेले की परिणाम ओसरतो. इतर जीवांवर ते वेगळेच वागते. अस्परजिलस निड्युलन्स या बुरशीच्या पेशी त्याने आत्मनाशाकडे वळतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जीवाणू त्याच्या सान्निध्यात प्रतिजैविकांना अधिक बळी पडतात. दंतक्षय करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सविरुद्धही ते तपासले गेले आहे. पण इथेही मात्रेचा प्रश्न आहे : कॅन्डिडा सोबत असताना निर्माण होणाऱ्या अल्प मात्रेत ते याच जीवाणूच्या वाढीला मदत करते असे आढळले आहे.

तंतू रोखणारे रसायन म्हणजे आपोआप औषध, असा समज सहज होतो. उंदरांवरील प्रयोगांनी तो मोडून काढला आणि या नोंदीत सर्वांत जास्त महत्त्व त्यालाच द्यायला हवे. रक्तातून पसरणाऱ्या कॅन्डिडा संसर्गात फार्नेसॉल दिलेले उंदीर अधिक संख्येने मेले. उलट, फार्नेसॉल कमी बनवणारा बुरशीचा उत्परिवर्ती वाण कमी घातक ठरला. संसर्गाशी लढणारे साइटोकाइन संदेश, विशेषतः इंटरफेरॉन-गॅमा, फार्नेसॉलमुळे मंदावतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. रक्तद्रवात ते अल्ब्युमिनला चिकटून बसते, म्हणून तिथे तंतू रोखायला कितीतरी जास्त मात्रा लागते. तोंडातल्या संसर्गात मात्र उंदरांना ते तोंडावाटे दिल्यावर फायदा झाला. शरीरात सर्वत्र पोहोचणारे औषध म्हणून फार्नेसॉलकडे पाहणे त्यामुळे धोक्याचे आहे. कवळी, दात, नळ्या यांच्या पृष्ठभागापुरता वापर हीच आज पटण्याजोगी दिशा. पाण्यात न विरघळण्याच्या अडचणीवर सूक्ष्मकणांमध्ये भरून ते दातांवर पोहोचवण्याचे प्रयोग झाले आहेत. बुरशीविरोधी औषध म्हणून ते अद्याप रुग्णांना दिले जात नाही.

बुरशीबाहेरही संशोधन चालू आहे. काही कर्करोग पेशी प्रयोगशाळेत फार्नेसॉलने मरतात. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, फार्नेसॉल दिल्यावर पॅरिस नावाच्या प्रथिनाला फार्नेसिल गट जोडला जाऊन ते निष्प्रभ होते आणि पार्किन्सनच्या उंदीर-प्रतिमानात डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी वाचतात. हे निष्कर्ष उंदरांवरचे आहेत.

माणसांत फार्नेसॉलचा सर्वांत सर्रास संबंध येतो तो त्वचेशी. अत्तरे आणि दुर्गंधनाशकांतून ते अंगावर येते व काहींना त्याने संपर्कजन्य इसब होते. युरोपीय संघात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास वेष्टनावर त्याचे नाव छापणे बंधनकारक आहे. सुगंधांची ॲलर्जी शोधण्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून जी पॅच चाचणी करतात, तिच्यातील सुगंधमिश्रण क्रमांक २ मध्ये फार्नेसॉलचा समावेश असतो.